मला पाणी मोजायचं होतं

आमच्या गावात देवळामागच्या कातळावर दोन-तीन वर्षांनी एकदा पाणी यायचं. राजापूरच्या गंगेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमचं पाणी तिच्यापुढे किरकोळ, आसपासच्या पाच-सहा गावांपलीकडे त्याला कोणी ओळखत नसे. पण यायचं ते ऐन एप्रिल-मेमध्ये, विहिरींनी तळ दाखवलेला असताना. कातळातल्या एका भेगेतून एकाएकी झुळझुळ सुरू व्हायची, चिऱ्यांनी बांधलेली तीन कुंडं एकातून दुसऱ्यात अशी भरत जायची, आठ-दहा दिवस पाणी वाहायचं आणि मग बंद. पावसाळ्यात अख्खा डोंगर गळत असताना त्या भेगेतून मात्र थेंब यायचा नाही.

पाणी आलं की मुंबईचे चाकरमानी रजा काढून यायचे. वरच्या कुंडात मानकऱ्यांनी आंघोळ करायची, मधल्यात बाकीच्या गावाने, खालच्यात आमच्या वाडीने. आमची वाडी म्हणजे बौद्धवाडी. धर्मांतर झालं तेव्हाच आजोबांनी घरातले देव नदीत सोडले होते. त्यामुळे ते पाणी पवित्र मानायचं आमच्यावर काही बंधन नव्हतं, पण खालचं कुंड आम्हाला नेमून दिलेलं होतं ते तसंच राहिलं. माझे वडील तिकडे कधी फिरकले नाहीत. ते चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे काढायचे. "सगळ्या गावाचा मळ धुऊन आलेलं पाणी मी कशाला अंगावर घेऊ," एवढं म्हणून ते खाणीवर निघून जायचे.

मी मात्र जायचे. आंघोळीला नाही, त्या भेगेकडे बघायला. करवंदीच्या जाळीआडून ती नीट दिसायची. एकदा धीर करून मी देवळातल्या एका मानकऱ्याला विचारलं होतं की हे पाणी येतं कुठून. तो रागावला नाही. हसून म्हणाला, "ते कळायचं नसतं."

त्या वेळी मला ते उत्तर पुरेसं वाटलं. चांगलंसुद्धा वाटलं. सात-आठ वर्षांच्या मुलीला गूढ म्हटलं की अंगावर काटा येतो आणि तो हवासा असतो.

मी नववीत गेले तेव्हा शाळेत विज्ञानाला नवीन बाई आल्या. ऐंशी उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बाई साताऱ्याकडच्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या. आमचं गाणं म्हटल्यासारखं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं आणि त्यांचं ठोक बोलणं ऐकून आम्हाला. एक दिवस त्या वर्गात पितळेचा एक पेला घेऊन आल्या. पेल्यात वसुदेवाची मूर्ती आणि त्याच्या डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बाई पेल्यात हळूहळू पाणी ओतू लागल्या. पाणी वसुदेवाच्या गुडघ्यापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, कृष्णाच्या पायाला लागलं आणि त्याबरोबर पेल्याच्या बुडातून भळाभळा वाहायला लागलं. पेला रिकामा झाला. यमुना ओसरली.

मग बाईंनी फळ्यावर पेला उभा चिरून दाखवला. मूर्तीच्या आत एक नळी होती, खालून वर गेलेली आणि वळून पुन्हा खाली आलेली. "हिला वक्रनलिका म्हणतात," बाई म्हणाल्या. "पाणी वळणाच्या वर पोचेपर्यंत काहीच होत नाही. पोचलं की सगळं ओढून नेते."

मी उभी राहिले. "बाई, आमच्या कातळावरचं पाणीपण असंच येत असेल काय?"

मागच्या बाकावरून कोणीतरी "गप बस गो" म्हणालं. बाई खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्या पाण्याची काही माहिती नव्हती. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. नसेलही. कसं शोधशील?"

आजवर मला कोणी असा प्रश्न विचारलेला नव्हता. घरी येऊन मी वडिलांना पेल्याची गोष्ट सांगितली. ते जेवत होते. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "जांभा आतून पोकळ असतो, तुला माहीत हाय ना? चिरा काढताना कधी कधी आख्खी कोठी लागते आत. माणूस बसेल एवढी. आणि खाली गेलं की पांढरी चिकट माती लागते, तिच्यातून पाणी झिरपत नाय. पाणी त्या मातीवर बसून राहतं, मंग वाट मिळंल तिकडं जातं." एवढं ते एका दमात कधी बोलायचे नाहीत. वीस वर्षं ते त्या दगडाच्या पोटात शिरत होते आणि आत काय आहे ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, पंचक्रोशीतल्या शाळांचं मिळून. मी बाईंना सांगितलं की मी आमच्या पाण्याची प्रतिकृती करते.

वडिलांनी कोपरा उडालेला एक मोठा चिरा आणला आणि दोन रविवार बसून तो आतून कोरला. जांभा गळका, म्हणून आतून सिमेंटचा हात दिला. तळाशी भोक पाडून त्यात रबरी नळी बसवली, ती बाहेरून वर नेऊन वाकवली आणि खाली सोडली. वर टांगलेल्या डब्यातून पाणी थेंब थेंब आत पडत होतं. आम्ही वाट बघत बसलो. पाणी वळणापाशी पोचलं आणि नळीतून नुसतं ठिबकायला लागलं. ओढ नाही, वाहणं नाही. मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "नळी जाड झाली. ती पूर्ण भरतच नाही." मग मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून सलाईनची वापरलेली नळी मागून आणली, उकळत्या पाण्यातून काढली आणि बसवली. या वेळी चिरा भरला आणि एकदम धार लागली. आई चुलीपाशी होती, ती उठून बघायला आली. धार थांबेपर्यंत तिघं तसेच उभे होतो.

चिऱ्यावर आम्ही सपाट दगड ठेवला, दगडावर माती आणि वाळलेलं गवत. नळीचं तोंड फक्त एका भेगेतून बाहेर. बघणाऱ्याला नुसता कातळ दिसावा. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: "आमच्या गावचं पाणी अधूनमधूनच का येतं?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. सर आम्हाला मराठी शिकवायचे. ते कविता करायचे, त्यांच्या कविता दिवाळी अंकात छापून यायच्या. सगळ्या शाळेत माझे निबंध तेच वर्गात वाचून दाखवायचे. मला ते आवडत होते हे मला इथे लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं.

"तुझी प्रतिकृती चांगली आहे," सर म्हणाले. "फक्त तो पुठ्ठा बदल. 'वक्रनलिकेचा प्रयोग' असं लिही. गावाचं नाव नको, पाण्याचं नाव नको."

"का सर?"

"देवळाची माणसं येऊन गेली. त्यांच्या भावनांचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू का, मलाही ते पटत नाही." त्यांनी चष्मा काढला. "जगात थोडं गूढ राहू दे. पाकळ्या मोजून फुलाचा वास कळत नाही, मुली. विज्ञान चौकट घालतं आणि चौकटीत आभाळ मावत नाही."

वाक्य सुंदर होतं. वर्गात ऐकलं असतं तर मी वहीत उतरवून घेतलं असतं. पण त्या खोलीत उभी राहून मला तिसरं कुंड दिसत होतं. गूढ गूढ म्हणून जे राखायचं, त्याच्या राखणीला कोण बसलेलं असतं हे सरांना दिसत नव्हतं. मला ते रोज दिसायचं.

"सर, मी पुठ्ठा बदलणार नाही," मी म्हणाले.

सरांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "तर मग हॉलमध्ये जागा देता येणार नाही."

बाईंनी माझी बाजू घेतली, पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्या दोनदा सरांच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही वेळा डोळे लाल करून बाहेर आल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, राहू दे. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे गो, आपल्याला शाळा पुरी करायची हाय. ते म्हणाले, "हॉल त्यांचा. एस्टीचा थांबा कोणाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिरा डोक्यावरून थांब्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. पंचक्रोशीतून येणारा प्रत्येक माणूस तिथेच उतरणार होता. मी पुठ्ठा खांबाला बांधला, डबा टांगला आणि बाजूला उभी राहिले. पहिल्या गाडीतून उतरलेली माणसं पुठ्ठा वाचून थांबली. काय दाखवतेस, म्हणाली. मी म्हटलं, थांबा. कातळ कोरडा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काहीजण कंटाळून निघाले, काहींनी बिडी पेटवली. एकजण म्हणाला, "पोरीनं फशिवलंन." आणि तेवढ्यात भेगेतून पाणी आलं.

निघालेले परत फिरले. धार चांगली पाच-सहा मिनिटं चालली आणि थांबली. मग मी वरचा दगड उचलून आतली कोठी दाखवली, नळीचं वळण दाखवलं. पाऊस एका वेळी पडतो आणि पाणी दुसऱ्याच वेळी का येतं ते सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज चढत गेला. कोठी पुन्हा भरायला वेळ लागायचा, तेवढ्यात आणखी माणसं जमायची. दुपारपर्यंत हॉलमध्ये कमी आणि थांब्यावर जास्त गर्दी झाली.

मानकऱ्यांच्या घरातली एक म्हातारी दोनदा सगळं बघून गेली होती. तिसऱ्यांदा आली आणि चिऱ्यासमोर वाकून तिने हात जोडले. मला राग आला. "आजी, हा देव नाय, सिमेंट लावलेला दगड हाय," मी म्हटलं.

"कळतं गो बाय मला," ती म्हणाली. "पण किती हुशारीनं केलंय बघ."

ती माझ्याबद्दल बोलत होती की डोंगर करणाऱ्याबद्दल, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. ती मात्र मुलांना दटावून गप्प बसवायला तिथेच बसून राहिली.

चारच्या सुमाराला सर आले. गर्दीने वाट दिली. त्यांनी एक पूर्ण फेरी बघितली, कोरड्या कातळापासून कोरड्या कातळापर्यंत. नंतर शांतपणे म्हणाले, "आता तुला त्या पाण्यापुढे उभं राहून काही वाटणार नाही. तेवढं तू गमावलंस."

या गोष्टीची मला खरंच भीती होती. रात्री झोपताना मी स्वतःला तपासून बघितलं होतं. म्हणून मला उत्तर देता आलं.

"सर, आधी मला फक्त भेग दिसायची," मी म्हणाले. "आता डोळे मिटले की डोंगराच्या पोटातलं दिसतं. गेल्या वर्षीचा पाऊस आत अंधारात थेंब थेंब जमा होतोय, आत्ता, आपण बोलतोय तेव्हापण. मला आधीपेक्षा जास्त वाटतं."

सरांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. "शेवटी चौकटच ती," ते म्हणाले.

वडील मागे उभे होते. हेडसरांशी ते कधी बोललेले नव्हते. ते म्हणाले, "सर, मी घरांना दगड पुरवतो. चौकट बसवल्याबिगर भिंतीत खिडकी होत नाय."

त्या वर्षी मला बक्षीस मिळालं नाही. ते मिळणारही नव्हतं. पण मे महिन्यात पाणी आलं.

पहाटे देवळातली घंटा वाजली आणि गाव धावलं. मी आईची कळशी, वही आणि वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन गेले. या वेळी करवंदीच्या जाळीआड थांबले नाही. सरळ वरच्या कुंडाकडे चालत गेले, जिथे भेगेतून पहिली धार पडते. दोन मानकरी आडवे आले.

"तुमची जागा खाली हाय."

"मला आंघोळ करायची नाय," मी म्हटलं. "मला पाणी मोजायचंय."

ते एकमेकांकडे बघायला लागले. आंघोळीचा नियम होता, भरण्याचा होता, नैवेद्याचा होता. मोजण्याचा नियम कोणी केलेलाच नव्हता. त्यांचं ठरेपर्यंत मी कळशी धारेखाली धरली आणि घड्याळ बघितलं. वहीत लिहिलं. पुन्हा धरली. एकाने "हात लावू नको" म्हटलं. मी म्हटलं, "कळशीला लावलाय, पाण्याला नाय." ती थांब्यावरची म्हातारी कुंडात गुडघाभर पाण्यात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "मोजू दे तिला. मला पण ऐकायचंय किती येतंय ते."

अकरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ गेले. पहिले तीन दिवस शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी एका मानकऱ्याने काल किती होतं म्हणून विचारलं. सहाव्या दिवशी वरच्या कुंडावरच्या बायका मी यायच्या आधीच धारेखालून कपडे बाजूला करून ठेवायला लागल्या. खालच्या कुंडाचा नियम तसाच राहिला, तो एका वहीने मोडणार नव्हता. तो मोडायला पुढे आमच्या वाडीला तालुक्याच्या कचेरीपर्यंत जावं लागलं आणि ती हकिकत वेगळी आहे.

आता माझ्या फजितीचं सांगते. माझ्या सिद्धांताप्रमाणे धार एकसारखी वाहून एकाएकी बंद पडायला हवी होती. तसं झालं नाही. चार दिवस ती कमी कमी होत गेली, पाचव्या दिवशी दुपटीने वाढली, पुन्हा उतरली आणि शेवटी दोन दिवस नुसती ठिबकत राहिली. माझ्या चिऱ्यात यातलं काहीच नव्हतं. एस्टीच्या थांब्यावर शेकडो माणसांना मी जे ठणकावून सांगितलं होतं ते निदान अर्धं तरी चूक होतं.

सरांच्या कानावर ते गेलंच. ते कुंडापाशी भेटले तेव्हा वही चाळून म्हणाले, "म्हणजे पाण्याने तुझं ऐकलं नाही."

त्यांना आनंद झाला होता. तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मराठीचा माणूस, चेहरा बोलत होता. मी म्हटलं, "नाही ऐकलं सर. पण ऐकलं नाही हे तरी आपल्याला कशामुळे कळलं? मोजलं म्हणून." त्यांनी वही परत दिली. त्यानंतर माझे निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवले नाहीत, आणि दहावीच्या निरोपाच्या दिवशी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून उगाचच बराच वेळ उभे राहिले.

बाईंना मी रडतच आकडे दाखवले होते. त्या पदराने माझं तोंड पुसत म्हणाल्या, "अगं, आता कुठे काम सुरू झालं."

बारावी झाल्यावर मी रत्नागिरीला कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं. प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "मुलींनी डी.एड. करावं. कातळावर हिंडून काय करणार?" मी म्हटलं, "मी कातळावरच वाढलेय," आणि फॉर्म आत सरकवला. पहिल्या महिन्यातच वही घेऊन मी तिथल्या प्राध्यापकांकडे गेले. पांढरे केस, हातावर दगड फोडल्याचे वण. त्यांनी अकरा दिवसांचे आकडे एक एक करून वाचले, कागदावर आलेख काढला, त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत एकापेक्षा जास्त कोठ्या असतील. किंवा दुसरंच काही. मला माहीत नाही."

मी पुन्हा विचारलं, "सर, तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही ना. या पाण्याचे आकडे आजपर्यंत कोणी घेतलेलेच नाहीत. तू घेतलेस तेवढेच."

एवढा शिकलेला माणूस इतक्या सहज माहीत नाही म्हणाला याचं मला आश्चर्य वाटलं. देवळात मला कोणी कधी माहीत नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणायचे, कळायचं नसतं. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात. पण एका उत्तराने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, आणि दुसऱ्याने मला बसायला खुर्ची पुढे केली. विज्ञानाने विश्वातलं आश्चर्य संपवलं असं मला आजही कोणी सभेत ऐकवलं, की मी उभी राहून विचारते, कोणाचं संपलं? मला तर ते मिळालंच तिथून.

त्याच वर्षी ते आमच्या वर्गाला पूर्णगडला घेऊन गेले. किल्ला बघून आम्ही खाली खडकांवर उतरलो. ओहोटी होती. समुद्राने कापलेल्या कड्यात त्यांनी आम्हाला खालून वर बघायला सांगितलं. तळाशी काळा कातळ, त्याच्या वर काळा-पिवळा भुसभुशीत, मग पांढरट माती आणि सगळ्यात वर तांबडा जांभा. "वेगवेगळे दगड नाहीत हे," ते म्हणाले. "एकच आहे. खालच्या काळ्याचा वरचा तांबडा झालाय. पावसाने केला. लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, विरघळण्यासारखं होतं ते सगळं घेऊन गेला. जे नेता आलं नाही ते उरलं."

माझे वडील आयुष्यभर जे कापत होते, आमचं घर ज्याचं होतं, शाळा, कुंडं, देऊळ ज्याचं होतं, ते सगळं पावसाने नेता न आलेलं होतं. मी हात लावला. पांढऱ्या मातीपासून तांबड्यापर्यंत बोटं वर नेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही मला सुचलं नाही.

शेजारची मैत्रीण घाबरली. "अगं, काय झालं? दगडच तर आहे."

"हो," मी म्हटलं. "दगडच आहे."

आणि हात तसाच ठेवून मी तिथे उभी राहिले, भरतीचं पाणी चपलांना लागून प्राध्यापकांनी हाक मारेपर्यंत.